रुग्णालाच रंगमंचावर बोलावणारा डॉक्टर : जेकब मोरेनो

आमच्या बेळगाव भागात कुणी जरा वेगळे वागले की याला धारवाडला पाठवायला हवे असे म्हणून लोक हसतात. पुण्याकडे हेच येरवड्याचे नाव घेऊन म्हणतात. गावाचे नाव बदलते, हसणे तेच राहते. मीही असा पुष्कळ हसलो आहे. म्हणूनच वेड्यांच्या इस्पितळात रंगमंच बांधणाऱ्या एका डॉक्टरचे चरित्र लिहायला मी बसलो आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने या वाटेला का जावे, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर शेवटी येईल.

डॉ. जेकब लेव्ही मोरेनो हे नाव मला प्रथम भेटले ते आमच्या व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकात. कामगारांना व अधिकाऱ्यांना शिकवण्याच्या पद्धतींची यादी होती, तिच्यात भूमिकाभिनय ही एक पद्धत होती आणि तिचा जनक म्हणून हे नाव कंसात दिले होते. दोन गुणांची टीप, त्यापलीकडे काही नाही. पण नाटक आणि व्यवस्थापन यांचा संबंध काय, हे कुतूहल मनात राहिले. ग्रंथालयात शोधत गेलो तेव्हा कळले की पाठ्यपुस्तकातले ते दोन गुण एका वादळी आयुष्याचे शिल्लक राहिलेले व्याज होते.

मोरेनो यांचा जन्म १८ मे १८८९ रोजी रुमानियातील बुखारेस्ट शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. वडील व्यापारी होते. आपला जन्म १८९२ साली काळ्या समुद्रातील एका जहाजावर, वादळी रात्री झाला अशी कथा ते स्वतः पुढे रंगवून सांगत. अभ्यासकांनी कागदपत्रे तपासली तेव्हा ती कथा खोटी ठरली. थोर माणसाच्या चरित्राचा आरंभ असत्याने व्हावा हे मला आधी खटकले. पण नंतर वाटले, ज्या माणसाने जगाला नाटक करायला शिकवले त्याने पहिले नाटक स्वतःच्या जन्माचे केले.

लहानपणची एक गोष्ट मात्र त्यांच्या सर्व विचारांचे बीज मानली जाते. चार-साडेचार वर्षांचा जेकब शेजारच्या मुलांबरोबर घराच्या तळघरात खेळत होता. खेळ देवाचा. टेबलावर खुर्च्या रचून स्वर्ग केला होता, सर्वांत वरच्या खुर्चीवर देव म्हणून जेकब बसला होता आणि बाकीची मुले देवदूत होऊन भोवती उडत होती. एवढ्यात एका मुलाने विचारले, की तू का उडत नाहीस? देवाने हात पसरले, उडी घेतली आणि पुढच्या क्षणी तो हात मोडून जमिनीवर पडला. आपल्याकडे गोपाळकाल्याची हंडी फोडताना पडलेल्या मुलांना हे निराळे सांगायला नको. एखादी भूमिका माणूस नुसती करीत नाही, तिच्यावर विश्वास ठेवू लागतो, आणि तो विश्वास त्याला उंचही नेतो व खालीही पाडतो. पुढे आयुष्यभर मोरेनो यांनी याच गोष्टीचा अभ्यास केला.

जेकब पाच-सहा वर्षांचा असताना कुटुंब व्हिएन्नाला आले. तेथील विद्यापीठात त्याने वैद्यकशास्त्राचा अभ्यास केला व १९१७ साली तो डॉक्टर झाला. विद्यार्थीदशेत तो शहरातील बागांत मुलांना गोळा करून गोष्टी सांगे व त्या गोष्टी त्यांच्याकडूनच तयारीशिवाय करवून घेई. त्याच शहरात त्या काळी फ्रॉइड यांचा दबदबा होता. फ्रॉइड यांच्या खोलीत रुग्ण कोचावर पडून एकटा बोले आणि डॉक्टर त्याच्या नजरेआड बसून ऐके. तरुण मोरेनोला हे पटेना. माणसाला दुःख होते ते घरात, रस्त्यावर, चार माणसांत. मग उपचार बंद खोलीत, एकट्याचाच का, असा त्याचा साधा प्रश्न होता.

१९१३ च्या सुमारास तो व्हिएन्नाच्या श्पिटेलबर्ग भागातील वेश्यांकडे गेला. त्यांना सुधारावे किंवा त्यांचा धंदा सोडवावा असा त्याचा हेतू नव्हता. पोलीस त्यांना विनाकारण पकडीत, वकील मिळत नसे, आजारी पडल्यास इस्पितळ दारात उभे करीत नसे. गुप्तरोगांचे एक डॉक्टर व एक वृत्तपत्रचालक यांना सोबत घेऊन त्याने आठ-दहा जणींचे गट केले. आठवड्यातून दोन-तीनदा त्या जमत. पहिल्यांदा बोलणी अटकेची आणि औषधांची झाली, मग हळूहळू मनातली. मोरेनोच्या ध्यानात आले की एकीचे दुखणे दुसरी जितके ओळखते तितके डॉक्टर ओळखत नाही. गटातला प्रत्येक जण दुसऱ्याचा वैद्य होऊ शकतो. पुढे समूहोपचार म्हणून जी शाखा जगभर वाढली तिचे हे मूळ.

पहिल्या महायुद्धात त्याची नेमणूक मिटर्नडॉर्फ येथील निर्वासितांच्या छावणीत झाली. आघाडीवरून हलवलेले हजारो टिरोली शेतकरी तेथे लाकडी बराकींत कोंबलेले होते. कोणाला कोणाच्या शेजारी ठेवायचे हे कारकुनाच्या यादीवरून ठरे, आणि मग भांडणे, चोऱ्या, आजार यांना ऊत येई. माणसांनाच विचारून, त्यांच्या परस्पर ओढीप्रमाणे वस्ती बसवावी, असे मोरेनोने १९१६ मध्ये सरकारला लिहून कळवले. या पत्रातून समाजमिती या शास्त्राची कल्पना जन्मली. सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला हा भाग वाचताना क्षणभर थांबावे लागते. माणसांना न विचारता त्यांच्या रेषा आखल्या की काय होते, हे आपल्याला दुसऱ्याने शिकवावे लागत नाही.

युद्ध संपले. ऑस्ट्रियाचा सम्राट गेला, जुनी व्यवस्था मोडली. १ एप्रिल १९२१ च्या संध्याकाळी मोरेनो व्हिएन्नातील एका नाट्यगृहाच्या रंगमंचावर एकटेच उभे राहिले. मंचावर लाल मखमलीचे सिंहासन आणि एक सोनेरी मुकुट एवढेच साहित्य. नाटक लिहिलेले नव्हते, नट नव्हते. ज्याला वाटेल त्याने वर यावे, सिंहासनावर बसावे, राज्य कसे चालवाल ते करून दाखवावे, आणि प्रेक्षकांनी निवाडा द्यावा. पुष्कळ लोक वर आले, पण कोणीही राजा म्हणून पसंत पडला नाही. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी झोडपले, मित्र दुरावले. व्यवहाराच्या वहीत हा प्रयोग शुद्ध तोट्याचा. पण प्रेक्षकाने खुर्ची सोडून वर यावे ही गोष्ट त्या रात्री घडून गेली होती.

पुढल्या वर्षी त्यांनी उत्स्फूर्त नाट्यगृह काढले. नट त्या दिवशीची वर्तमानपत्रे घेऊन तेथल्या तेथे प्रसंग उभे करीत. पुढे सिनेमात गाजलेला पीटर लॉरे तेथेच तयार झाला. तेथे बार्बारा नावाने ओळखली जाणारी एक नटी सोज्वळ, प्रेमळ भूमिका करी. पहिल्या रांगेत बसणाऱ्या एका कवीने तिच्याशी लग्न केले. थोड्या दिवसांनी तो मोरेनो यांच्याकडे रडवेला होऊन आला. मंचावरची देवी घरी शिव्या देते, हात उगारते, अशी त्याची तक्रार होती. मोरेनो यांनी तिला त्या रात्री, वर्तमानपत्रात आलेल्या एका खून झालेल्या वेश्येची भूमिका दिली. तिने ती इतक्या त्वेषाने केली की सारे थक्क झाले. मग असल्याच भूमिका तिला मिळत गेल्या आणि घरातला आरडाओरडा कमी होऊ लागला. पुढे नवऱ्यालाही मंचावर आणून मोरेनो यांनी दोघांकडून त्यांच्याच घरातले प्रसंग करवले. हे पाहताना प्रेक्षकांत बसलेल्या इतर जोडप्यांनाही आपली घरे दिसू लागली. येथे नाटकाचा दवाखाना झाला. मोरेनो यांनी या उपचाराला सायकोड्रामा म्हटले. मराठीत आपण मनोनाट्य म्हणू.

१९२५ मध्ये मोरेनो अमेरिकेस गेले. भाषा परकी, ओळखी नाहीत, वैद्यकीचा परवाना मिळवण्यास दोन वर्षे लागली. पण माणूस स्वस्थ बसणारा नव्हता. १९३१ मध्ये त्यांनी सिंग सिंग येथील तुरुंगातील कैद्यांचा अभ्यास केला आणि १९३२ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या परिषदेत समूहोपचाराची कल्पना मांडली. त्याच वर्षी हडसन गावच्या मुलींच्या सुधारगृहात एक चमत्कारिक घटना घडली. दोन आठवड्यांत चौदा मुली पळून गेल्या. अधिकाऱ्यांना कारण सापडेना. मोरेनो यांनी सहकारी हेलन जेनिंग्ज यांच्यासह प्रत्येक मुलीला विचारले, की तुला कोणाजवळ राहायला आवडेल? उत्तरांवरून त्यांनी वर्तुळे आणि बाण काढून एक नकाशा तयार केला. पळून गेलेल्या मुली त्या नकाशात एकमेकींशी साखळीने जोडलेल्या दिसल्या. आज समाजमाध्यमांच्या युगात माणसांच्या जाळ्याचे जे आलेख संगणक काढतो, त्यांचा हा हाताने काढलेला पूर्वज. १९३४ साली यावर त्यांचा मोठा ग्रंथ निघाला.

त्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली होती डॉ. विल्यम अलन्सन व्हाइट यांनी. ते वॉशिंग्टन येथील सेंट एलिझाबेथ्स इस्पितळाचे अधीक्षक होते. या इस्पितळाची हकिगत थोडी सांगायला हवी. डोरोथिया डिक्स या समाजसेविकेच्या खटपटीने १८५५ साली केंद्र सरकारने ते उघडले. तेव्हाचे नाव सरकारी वेड्यांचे इस्पितळ असे सरळ होते. यादवी युद्धात जखमी सैनिकांनाही तेथे ठेवण्यात आले. घरी पत्र लिहिताना वेड्यांचे इस्पितळ असा पत्ता कसा घालावा, या संकोचाने ते त्या जमिनीचे जुने नाव लिहीत. १९१६ मध्ये तेच नाव अधिकृत झाले. धारवाडचे नाव घेऊन हसणारे आपण आणि पत्ता लपवणारे ते सैनिक यांच्यात समुद्राचे अंतर असेल, पण लाज एकच.

मोरेनो यांनी १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या उत्तरेस, हडसन नदीकाठी बीकन येथे स्वतःचे लहान रुग्णालय काढले होते आणि त्यात खास मनोनाट्याचा मंच बांधला होता. गोल, एकावर एक तीन पायऱ्यांचा, वर सज्जा. पडदा नाही, विंग नाही. व्हाइट १९३७ मध्ये वारले, पण त्यांच्या जागी आलेल्या डॉ. विनफ्रेड ओव्हरहोल्सर यांनी ही कल्पना उचलून धरली आणि १९४१ साली सेंट एलिझाबेथ्समध्ये मनोनाट्याचे नाट्यगृह सुरू झाले. एका मोठ्या सरकारी इस्पितळात, हजारो रुग्णांच्या वस्तीत, नाटकाला औषधाचा दर्जा मिळाला. महायुद्ध चालू होते आणि आघाडीवरून मने मोडून आलेले नौसैनिक तेथे दाखल होत होते.

तेथे चाले काय, ते थोडक्यात सांगतो. एक रुग्ण नायक होतो. दिग्दर्शक हा डॉक्टर किंवा शिकलेला उपचारक. बाकीचे रुग्ण व सेवक त्याच्या नाटकातली माणसे होतात, कोणी बाप, कोणी बायको, कोणी वरचा अधिकारी. आधी मने मोकळी करायची, मग प्रसंग करायचा. मध्येच दिग्दर्शक जागा बदलायला सांगतो. मुलगा बापाच्या खुर्चीवर बसतो, बाप होऊन मुलाशी बोलतो. कधी कोणी रुग्णाच्या मागे उभे राहून त्याला बोलता न येणारे त्याच्या वतीने बोलतो. मेलेल्या किंवा दूर असलेल्या माणसासाठी रिकामी खुर्ची ठेवतात. आमच्या जमाखर्चात प्रत्येक व्यवहार दोन खात्यांवर पडतो. एकाकडे नावे, तर दुसऱ्याकडे जमा. माणसे मात्र जन्मभर एकेरी नोंद ठेवतात, फक्त आपल्या बाजूची. खुर्च्या बदलल्या की दुसरे खाते उघडते.

शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. नाटक संपल्यावर प्रेक्षकांनी नायकाला उपदेश करायचा नाही, त्याचे चुकले काय ते सांगायचे नाही. हे पाहताना स्वतःच्या आयुष्यातले काय आठवले, एवढेच सांगायचे. ज्याने सर्वांसमोर स्वतःला उघडे केले त्याला एकटे पडू द्यायचे नाही.

हे काम करणे म्हणजे विस्तवाशी खेळ. अर्धवट माहितीच्या माणसाने जुनी जखम उघडली आणि बांधता आली नाही तर? म्हणून प्रशिक्षण आले. सेंट एलिझाबेथ्समध्ये जेम्स एनीस यांनी दीर्घकाळ हा विभाग चालवला आणि ते इस्पितळ मनोनाट्याच्या शिक्षणाचे मोठे केंद्र झाले. विद्यार्थी तेथे प्रेक्षक म्हणून बसत, मग साहाय्यक पात्रे होत, स्वतः नायक होऊन आपलीच दुखणी मंचावर आणीत आणि मग कुठे दिग्दर्शनाला हात घालीत. ज्याने स्वतः त्या मंचावर पाय ठेवला नाही त्याने दुसऱ्याला वर बोलावू नये, असा त्यामागचा विचार. घरगुती भांडणे कशी हाताळावी हे शिकण्यासाठी वॉशिंग्टनच्या पोलिसांनाही या पद्धतीचे शिक्षण देण्यात आले. १९७५ मध्ये अमेरिकेत परीक्षक मंडळ स्थापन झाले. त्याच्या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्रासाठी ७८० तासांचे प्रशिक्षण लागते. जे उत्स्फूर्त दिसते त्याच्या पाठीमागे एवढी तालीम असते.

मोरेनो स्वभावाने सोपे नव्हते. श्रेय वाटून घेणे त्यांना जमत नसे, सहकाऱ्यांशी वाद होत, आणि मोठेपणाचा आव पुष्कळदा आड येई. त्यांना सावरले ते झेर्का यांनी. १९४१ मध्ये झेर्का आपल्या आजारी बहिणीला घेऊन बीकनला आल्या. बहिणीच्या उपचारासाठी आलेली ही तरुणी मोरेनो यांची सहकारी झाली. १९४९ मध्ये दोघांनी लग्न केले. १९५८ मध्ये कर्करोगामुळे झेर्का यांचा उजवा हात खांद्यापासून काढावा लागला, तरी त्या जगभर शिकवत राहिल्या. २०१६ पर्यंत त्या हयात होत्या. मोरेनो यांचे विचार आज व्यवस्थित रूपात दिसतात यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

१४ मे १९७४ रोजी, पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला चार दिवस उरले असताना, मोरेनो यांनी बीकन येथे देह ठेवला. शेवटच्या आजारात त्यांनी अन्न घेणे थांबवले होते. १९९३ मध्ये त्यांची रक्षा व्हिएन्नाला नेण्यात आली. मनोविकारशास्त्रात हसू परत आणणारा माणूस अशी आपली ओळख शिलेवर असावी, ही त्यांची इच्छा होती आणि ती पाळली गेली. सेंट एलिझाबेथ्सही बदलले. रुग्णांना वस्तीत परत पाठवण्याचे धोरण आले, ओसाड वॉर्ड वाढले, १९८७ मध्ये इस्पितळ शहर प्रशासनाकडे गेले. टेकडीवरच्या जुन्या इमारतींत आता सुरक्षा खात्याची कचेरी आहे.

आता मी हे का लिहिले ते सांगतो. नववीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात मी एकांकिकेत वेड्याचे काम केले होते. फाटका सदरा, डोक्यावर पत्र्याचा डबा, वेडीवाकडी चाल. टाळ्या पडल्या, मला बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळाली. माझे धाकटे काका त्या वेळी दोन महिन्यांपूर्वीच मनोरुग्णालयातून घरी आले होते. ते चौथ्या रांगेत बसले होते. नाटक संपण्याआधीच ते उठून गेले. घरी त्यांनी काहीच विचारले नाही. मी जेवलो की नाही, एवढेच त्यांनी आईला विचारले. त्यानंतर सहा वर्षे आम्ही दोघे त्या संध्याकाळबद्दल कधी बोललो नाही. मोरेनो यांनी वेड्याचे सोंग करायला नट बोलावला नाही, वेडा म्हटल्या गेलेल्या माणसालाच मंच दिला, हे वाचले तेव्हा मला ती चौथी रांग आठवली. त्या खुर्चीवर मी कधी बसूनच पाहिले नव्हते.

मला ७८० तास नव्हे, एक तासाचेही शिक्षण नाही, म्हणून घरात कसलाही प्रयोग करण्याचे धाडस मी केले नाही. हा लेख लिहिला आणि छापायला देण्यापूर्वी काकांच्या हातात दिला. छापू नको म्हणाले असते तर फाडून टाकणार होतो. त्यांनी दोन्ही बाजूंनी लिहिलेली सगळी पाने सावकाश वाचली. मग चष्मा काढून म्हणाले, की नाटकात तू चालला होतास ते चुकीचे होते. त्या गोळ्या चालू असल्या की माणूस तसा चालत नाही. आणि ते उठले, सोप्यातून दारापर्यंत चालून दाखवले, पावले घासत, हात अंगाला चिकटलेले, जराही न हलणारे. परत येताना म्हणाले, आता तू चाल.

मी चाललो. हात हलले, म्हणून त्यांनी पुन्हा चालायला लावले. तिसऱ्या वेळी मला जमले असावे, कारण काका हसले. मग मीही हसलो. आई स्वयंपाकघरातून बघायला आली, तिला आम्ही काही सांगितले नाही.